सिंधूनं दसरा काढला

हिंगणवाडीत कुणाच्या घरी सोयरीक जुळवायला पाहुणे आले की कपबशा सिंधूच्या घरून मागवायच्या, असा रिवाजच पडला होता. कपबशा साध्याच, मुखेडच्या बाजारातल्या. पण त्यांच्यावर डाग शोधून दाखवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. घर दोन खोल्यांचं, वर पत्रे, पुढं पडवी. मात्र फडताळावरची भांडी अशी लखलखीत की जत्रेला निघालेल्या पोरी सिंधूच्या परातीत तोंड बघून टिकली लावायच्या. चुलीवरून उतरलेलं पातेलं बुडाला काळं राहिलं तर या बाईला घास जात नसे. तिचा नवरा भुजंग म्हणायचा, "मी काळा हाय हे हिनं लग्नाच्या आधीच बघितलं होतं म्हणून बरं. न्हाईतर मलाबी राखेनं घासलं असतं."

लोक हसायचे, सिंधूही हसायची. हसता हसता हातातला तांब्या पदरानं पुन्हा एकदा पुसायची.

आता एवढी स्वच्छ बाई, तिच्या घरचं पाणीही तसंच दिसायचं. हिंगणवाडीच्या बोअरचं पाणी नितळ, चवीला जरा गोडसर. पाहुणा एक तांब्या पिऊन दुसरा मागायचा. आणि त्यातच सगळी मेख होती. त्या पाण्यात फ्लोराइड होतं. ते डोळ्याला दिसत नाही, वास येत नाही, फडक्यातून गाळलं तरी अडत नाही, उकळावं तर उलट वाढतं. पोरांचे दात आधी खडूसारखे पांढरे पडतात, मग त्यांच्यावर तपकिरी पट्टे येतात. चाळिशीत माणसाची पाठ ताठ होते. भुजंगची मान वळतच नव्हती. मागून हाक मारली की अख्खा भुजंग वळायचा. दोन एकर वावर होतं, पण वाकायचं काम सगळं सिंधूकडं.

गावात फिल्टरचा प्लांट आला नव्हता असं नाही. आला होता, चांगला वाजत गाजत आला होता. हार झाले, तुरे झाले, फीत कापली, फोटो पेपरात छापून आला. दीड वर्ष चालला. मग लाइटीची बोंब झाली, मग मोटर जळाली, आणि शेवटी आतली जाळी क्षारानं दगड होऊन बसली. आता त्या खोलीत कुणाचा तरी कडबा असतो. फीत कापणारे हात त्यानंतर गावाकडं फिरकले नाहीत. फिरकले ते एकच, हनीफभाई मिस्त्री. मुखेडला त्यांचं मोटारी आणि फिल्टर दुरुस्तीचं दुकान. प्लांट बंद पडल्यावरही ते दोन-तीनदा स्वतःच्या गाडीवर पेट्रोल जाळून आले, खटपट करून गेले. जाताना सिंधूच्या पडवीत चहा प्यायचे. तिथंच त्यांनी एकदा सिंधूच्या पोरीला चालताना पाहिलं आणि कप खाली ठेवला.

शिल्पा नऊ वर्षांची. आठव्या वर्षापर्यंत वाऱ्यासारखी पळायची. मग गुडघे आत वळायला लागले, चालताना एकमेकांवर घासायला लागले. उतारावरून येताना ती भिंत धरायची. नांदेडच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "वाढीचं वय आहे. आत्ता पाणी बदललंत तर इथंच थांबेल, थोडं सुधारेलही. हाडं पक्की झाल्यावर मग पाणी बदलून उपयोग नाही."

पाणी बदलायचं म्हणजे काय करायचं? जारचं पाणी मागवलं, तर हनीफभाईंनी औषधाचे थेंब टाकून दाखवलं की तोही जार कुठल्या तरी बोअरचाच, फक्त गार केलेला. उरला एक उपाय. सिंधूचा भाऊ श्रीशैल अहमदपूरला राहायचा. त्याच्या नळाला धरणाचं पाणी यायचं. "शिल्पाला माझ्याकडं धाडून द्या, शाळाबी इथंच घालतो," असं तो वर्षभर म्हणत होता. भुजंग तयार होता. सिंधू नव्हती. लग्नानंतर अकरा वर्षांनी झालेली एकुलती एक पोर. "माझं लेकरू माझ्या घरात वाढंल," ती म्हणायची, आणि भांडी घासायला बसायची. घासताना रडलेलं कुणाला दिसत नाही.

अशात हनीफभाईंची लेक अर्शिया कामाला आली. ती नांदेडला विद्यापीठात संशोधन करत होती, आणि तिचं संशोधन नेमकं याच्यावरच, पाणी गाळण्याच्या एका नव्या पडद्यावर. चैत्रात बापलेक गाडीवर एक नळकांडं बांधून सिंधूच्या दारात उभे राहिले. नळकांड्याला सायकलच्या पंपासारखा दांडा. लाइट नको, मोटर नको. वर बोअरचं पाणी ओतायचं, दांडा मारत राहायचं, खालच्या तोटीतून थेंब थेंब पाणी येतं. आत ताटाएवढी एक चकती, काळी कुळकुळीत.

"काकू, हे ग्राफिन," अर्शिया म्हणाली. "शिसपेन्सिलीत जे काळं असतं ना, त्याचाच हा भाऊबंद. त्याचे इतके पातळ पापुद्रे काढलेत की डोळ्यांना दिसणार नाहीत. ते पाण्यात सोडून, गाळून पांढऱ्या कागदावर एकावर एक बसवलेत. दोन पापुद्र्यांच्या फटीतून पाणी सरकतं, फ्लोराइड अडकतं."

"पेन्सिलीतलं?" सिंधूनं चकतीकडं बघितलं. "म्हंजी हात काळे व्हतील."

"हात लावायचाच नाही," अर्शिया हसली, पण मग बोटांवर मोजत तिनं बजावलं. "साबण नको. सोडा नको. ब्लिचिंग पावडर नको. आणि चकती सुकू द्यायची नाही. बस, एवढंच. अशा तीनच चकत्या बनवल्यात, तीन गावांत तीन. दर महिन्याला अब्बा येऊन पाणी तपासतील. सहा महिने पाणी चांगलं राहिलं तर तुमच्या गावासाठी चाळीस यंत्रांचा प्रस्ताव पुढं जाईल."

सिंधूनं साबण, सोडा, ब्लिचिंग ही तिन्ही नावं तिथल्या तिथं पाठ केली. चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण एकदा ऐकलेलं विसरत नसे.

हनीफभाईंची तपासणी पाहायला निम्मी आळी जमायची. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पाणी गुलाबी राहिलं तर चांगलं, पिवळं झालं तर वाईट. बोअरचं पाणी पिवळं व्हायचं, सिंधूच्या तोटीचं गुलाबी. पहिल्या महिन्यात गुलाबी, दुसऱ्यात गुलाबी, पाचव्यातही गुलाबी. दांडा मारायचं काम भुजंगनं घेतलं. त्याला वाकायला नको, मान वळवायला नको, बाजेवर बसून दिवसभरात दोन कळशा काढायचा. कितीतरी वर्षांनी घरातलं एखादं काम फक्त त्याचं होतं. श्रावणात शिल्पाची रात्रीची ठणक थांबली. पोळ्याच्या दिवशी ती भिंत न धरता उतारावरून खाली आली. सिंधू वरून बघत होती. तिनं श्रीशैलला फोन लावून सांगितलं, "दादा, आता कशालाच धाडत न्हाई मी. तू पंचमीला आलास तसा दिवाळीलाबी ये, भाचीचं पळणं बघून जा."

सहावी तपासणी तेवढी राहिली होती. मध्ये नवरात्र आलं.

आमच्याकडं घट बसायच्या आधी दसरा काढतात. दसरा काढायचा म्हणजे घरातली एकूण एक वस्तू बाहेर काढून धुवायची. गोधड्या, वाकळा, उतरंड, डबे, देव, पाट, चाळण्या, अगदी केरसुणीची मूठसुद्धा. न धुतलेली वस्तू घटाच्या घरात राहिली तर देवी उंबऱ्यावरूनच माघारी जाते म्हणतात. साध्या बाईचा दसरा तीन दिवसांत निघतो. सिंधूचा आठ दिवस चालायचा आणि या वर्षी तर पोर बरी होत होती. देवीचं देणं होतं. सिंधूनं शिडी लावून पत्रेसुद्धा धुतले.

शेवटच्या दिवशी सगळं झालं. राहिलं फक्त नळकांडं.

शेजारची पार्वतम्मा देगलूरकडची, म्हातारी, जीभ सुरीसारखी. ती पडवीत येऊन बसली आणि म्हणाली, "सिंधे, सगळं धुतलीस, आन् ते काळं कातडं तसंच?"

"कातडं न्हाई ओ अव्वा. पेन्सिलीचं हाय."

"पेन्सिलीचं का कशाचं, काळंच की. सहा महिने झाले, त्याला हात लागंना, फडकं लागंना. त्यातलंच पानी घटाला घालनार?"

म्हातारी बोलून गेली. सिंधूच्या डोक्यात ते बसलं. शिवाय महिनाभर दांडा जड झाला होता, पाणी कमी यायला लागलं होतं, भुजंगचा खांदा भरून यायचा. आत घाण साचली असणार, दुसरं काय? घाण साचल्यावर काय करायचं हे सिंधूला जगात कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिनं हनीफभाईंना चार पेच फिरवताना पाचदा पाहिलं होतं. तिनं ते फिरवले आणि चकती अलगद बाहेर काढली. नियम तिला तोंडपाठ होते. साबण नको, तिनं साबणाची वडी फडताळावर ठेवली. सोडा नको, सोड्याची पुडी बाजूला सारली. ब्लिचिंगचा तर डबाच घरात नव्हता. सुकू द्यायची नाही. तिनं चकती पाण्याच्या घमेल्यातच ठेवली. मग चुलीतली राख घेतली. बाभळीच्या लाकडाची, चाळणीनं चाळलेली, मऊ. राखेइतकी निर्मळ वस्तू तिच्या घरात दुसरी नव्हती. सासरी आल्यापासून प्रत्येक भांडं तिनं राखेनं घासलं होतं, आणि राखेचं कुणी नाव काढलं नव्हतं. नारळाची शेंडीसुद्धा तिनं घेतली नाही, नुसत्या बोटांनी, लेकराचं डोकं धुवावं तशी, ती चकती चोळत राहिली.

आणि काळं सुटायला लागलं. सायीसारखं सुटलं. घमेलं काळंभोर झालं. सिंधू थक्क झाली आणि तिला मनापासून आनंद झाला. "अव्वा, बघा बघा, किती घाण हुती!" पार्वतम्मानं वाकून बघितलं आणि मी म्हणत नव्हते का, अशी मान हलवली. अर्ध्या तासात चकती पांढरीशुभ्र निघाली. सिंधूनं ती परत बसवली, पेच आवळले, भुजंगला दांडा मारायला लावला. आणि तोटीतून धार लागली. थेंब नव्हे, धार. बोटाएवढी जाड.

"च्यायला," भुजंग म्हणाला, "आता चार कळशा निघत्याल."

घमेल्यातलं काळं पाणी सिंधू उकिरड्यावर टाकायला निघाली तर शिल्पा आडवी आली. "माय, टाकू नको. मला भिंतीवर फळा कराया दे." तिला शाळा शाळा खेळायचा नाद होता. रंगाचा एक रिकामा डबा होता, त्यात तिनं काळं पाणी भरून घेतलं आणि पडवीच्या भिंतीवर चिंधीनं हातभर लांबीरुंदीचा फळा सारवला. वाळल्यावर तो खरोखर छान काळा झाला. डब्यात अर्धं उरलं, ते तिनं झाकण लावून जपून ठेवलं.

तोटीच्या त्या पाण्यानं घट बसला. सहा दिवस घरात पाणीच पाणी झालं. सिंधूनं शेजाऱ्यांना बोलावून तांबे भरून दिले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, ही म्हण आपण दुसऱ्याचं बघून म्हणतो. आपल्याच घरात मारुती होत असतो तेव्हा आपण अक्षता टाकत बसलेलो असतो.

सहाव्या माळेला सकाळी हनीफभाई सहावी तपासणी करायला आले. धार बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. सिंधू दारात उभी होती, नवरात्राचे अनवाणी पाय, हातात चहाचा कप. नळी पिवळी झाली. हनीफभाईंनी ती ओतून दिली, धुतली, पुन्हा पाणी घेतलं. पुन्हा पिवळी. त्यांनी पेच काढले.

"भाभी," ते म्हणाले, "काळं कुठाय?"

"काळं?" सिंधू हसली. "दसरा काढला की. घासून काढलं सगळं. लई घाण निघाली, हनीफभाई."

हनीफभाई तिथंच जमिनीवर बसले. "या अल्लाह," म्हणाले. "भाभी, ती घाण नव्हती. तेच फिल्टर होतं. हे खाली राहिलंय तो नुसता कागद हाय."

सिंधूच्या हातातला कप खाली पडला नाही. तिनं तो नीट कट्ट्यावर ठेवला. मग तिनं भुजंगकडं पाहिलं, फळ्यावर पाढे लिहीत बसलेल्या शिल्पाकडं पाहिलं. सहा दिवस तिनं स्वतःच्या हातानं पोरीला तांब्यामागून तांबे पाजले होते. "पी बाई, आता भरपूर हाय," म्हणत पाजले होते.

मग तिनं रंगाचा डबा उचलला.

"कुठं चाललीस?" भुजंगनं विचारलं.

"नांदेडला. अर्शियाकडं. काळं हाय यात. सगळं न्हाई, पण हाय."

हनीफभाई समजावू लागले की असं होत नसतं. ती ऐकायच्या पलीकडं गेली होती. शेवटी त्यांनीच तिला गाडीवर मुखेडच्या स्टँडला आणून सोडलं. उपाशी, अनवाणी, डबा मांडीवर घेऊन ती एसटीत बसली. रस्ता खराब, गाडी आदळायची, आणि प्रत्येक दणक्याला ती दोन्ही तळव्यांनी झाकण दाबून धरायची. कंडक्टर म्हणाला, "मावशी, रंग सांडंल, खाली ठेवा." ती म्हणाली, "रंग न्हाई त्यो." मग काय आहे, असं त्यानं विचारलं. माझ्या लेकराचे पाय हायेत, असं कसं सांगायचं कंडक्टरला?

अर्शियाला बापाचा फोन आधीच गेला होता. सिंधू विद्यापीठात पोचली तेव्हा ती प्रयोगशाळेच्या पायरीवरच उभी होती, डोळे लाल. "काकू, मी बोटांवर मोजून सांगितलं होतं! पाच महिन्यांच्या नोंदी होत्या. आता सगळं शून्यावर आलं. तुमचं एकटीचं नाही, अख्ख्या गावाचं गेलं!"

"साबण न्हाई लावला मी," सिंधू म्हणाली. "सोडा न्हाई. ब्लिचिंग न्हाई. तुझी शपथ. सुकूबी दिली न्हाई."

"मग कशानं धुतलं?"

"राखेनं. राखेचं तू बोलली न्हाईस, बाई."

अर्शियाच्या घरी गॅस होता, वसतिगृहात गॅस होता, प्रयोगशाळेत तर राख नावाची वस्तूच नव्हती. "राखेत खारच असतो, काकू," ती म्हणाली. "सोड्यासारखाच. तो लागला की पापुद्रे एकमेकांना सोडतात." तिनं पायरीवर बसकण मारली. "राखेचं माझ्या ध्यानातच आलं नाही."

"तू म्हणाली हुतीस, पान्यात सोडून, गाळून बसवतेत म्हणून. मग हे गाळ की परत." सिंधूनं डबा पुढं केला. "यात हाय. थोडं भिंतीला गेलं. मी इथंच बसते, काय दळायचं कांडायचं असंल ते सांग, मी करते. पर हे परत लाव." आणि बोलता बोलता ती अर्शियाच्या पायाशी वाकली. पोरगी दचकून मागं सरकली आणि तिचे दोन्ही हात धरून रडायला लागली.

डबा तिनं ठेवून घेतला, पण खोटी आशा दाखवली नाही. राख मिसळली होती, क्षारांनी गुठळ्या झाल्या होत्या, त्यातून किती सुटं होईल सांगता येत नाही. तो पांढरा कागद बाहेरून येतो, मोठा एकही शिल्लक नाही. पैशाची मंजुरी याच महिन्यात संपत होती. नवी मिळाली तर पुढच्या वर्षी. "पुढच्या वर्षी" हे दोन शब्द घेऊन सिंधू परत आली.

दिवेलागणीला घरी पोचली, ती तशीच पडवीत गेली आणि विळा घेऊन भिंतीवरचा फळा खरवडायला लागली. खाली परात धरली होती. खरवडलं ते काळं थोडं आणि चुना-मातीच जास्त. ती खरवडत राहिली. शिल्पा खांबाला धरून उभी. "माय, माझा फळा..." असं म्हणून ती रडायला लागली, तरी हिचा हात थांबेना. शेवटी भुजंगनं, ज्याला वाकता येत नव्हतं त्या माणसानं, कसंबसं गुडघ्यावर बसून तिच्या हातातला विळा काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "माती निघून राहिली नुसती. पोरीचा फळा हाय त्यो, ऱ्हाऊ दे."

मग तो म्हणाला, "मी श्रीशैलला फोन लावलाय."

सिंधूनं परात बाजूला सारली. आता नाही म्हणणं म्हणजे पोरीच्या हाडांत आपल्या हातानं ते पाणी ओतणं. गावात बातमी पसरली. चाळीस यंत्रं हिच्या घासण्यापायी गेली म्हणून बायका बोअरवर तोंड फिरवायला लागल्या. "अति तिथं माती," असं पार्वतम्माच सगळ्यांत मोठ्यानं म्हणाली. कातडं धू म्हणून टोचलेलं ती साफ विसरली होती. सिंधूनं तिला आठवण करून दिली नाही. बोटं तर आपलीच होती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी श्रीशैल आला. शिल्पाच्या पिशवीत सिंधूनं तीन झगे, दप्तर आणि एक छोटा तांब्या घातला. पोर आधी मजेत होती, मामाच्या गावाला जायचं म्हणून. मुखेडच्या स्टँडवर गाडीत चढल्यावर तिच्या ध्यानात आलं की माय खालीच उभी आहे. खिडकीचे गज धरून तिनं विचारलं, "माय, मी काय केलं?" गाडी सुटली. सिंधू स्टँडवरच्या बाकड्यावर बसून इतकं रडली की शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं तिला न विचारता आपली पाण्याची बाटली दिली.

सहा दिवसांनी अर्शिया आली, एकटीच, सुटीच्या दिवशी. पिशवीतून तिनं ओल्या कापडात गुंडाळलेली बशीएवढी काळी चकती काढली. "डब्यातलं एवढंच वाचलं," म्हणाली. "कागदाच्या कातरणीवर बसवलंय. ही प्रयोगातली नाही काकू, ही मीच बनवलीय. दिवसाला एक तांब्या निघेल. त्याच्यावर नाही." तिनं एक लहान नळकांडं बसवून दिलं, थेंब टाकून दाखवले. गुलाबी.

सिंधूच्या मनात पहिलं असं आलं की धावत अहमदपूरला जावं आणि पोरीला घेऊन यावं. मग तिनं हिशेब केला. पिण्याचं, भाताचं, डाळीचं, चहाचं. लेकराला दिवसाला पाच तांबे लागतात. एका तांब्यावर लेकरू जगत नाही.

म्हणून आता असं चालतं. भुजंग सकाळी दांडा मारतो. संध्याकाळपर्यंत तांब्या भरतो. सिंधू तो स्टीलच्या पिंपात ओतते, झाकण लावते, वर पाटा ठेवते. त्या पाण्याला दोघांतलं कुणी तोंड लावत नाही. ती दोघं बोअरचंच पितात. तांब्या ओतला की ती भिंतीवर खरवडलेल्या फळ्याच्या उरलेल्या काळ्या कोपऱ्यात खडूनं एक रेघ ओढते. फडताळावरची भांडी दसऱ्यापासून घासलेली नाहीत. बुडाला काजळी आहे, पण तिकडं तिचं लक्ष नाही.

काल श्रीशैलच्या फोनवरून शिल्पाचा आवाज आला. पाय दुखत नाहीत, मामीनं नवा झगा शिवला, शाळेत फळा मोठा आहे. मग म्हणाली, "माय, दिवाळीची सुटी पंधरा दिवस हाय. मी पंधरा दिवस येऊ?"

सिंधूनं फोन कानाला तसाच धरून भिंतीकडं बघितलं. सात रेघा होत्या. दिवाळीपर्यंत अजून चार होतील. तिनं बोटांवर पुन्हा मोजलं, एकदा, दोनदा.

"दोन दिवस ये बाई," ती म्हणाली. "दोनच दिवस."